स्लाय स्टोन : दोन कॉर्डच्या गाण्यांत एवढं काय आहे?

बेस गिटार शिकणाऱ्या एका मुलाने विचारलंय: जून २०२५ मध्ये अमेरिकन गायक-संगीतकार स्लाय स्टोन गेला तेव्हा जगभरचे वादक हळहळले. म्हणून त्याने ती गाणी लावून ऐकली, तर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) दोन-तीनच, शब्द साधे, आणि एका गाजलेल्या गाण्यात तर बेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच स्वरावर. मग या माणसाचं मोठेपण नेमकं कशात आहे, आणि ऐकायचं तर कुठून सुरू करायचं?

तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि उत्तरही त्यातच दडलेलं आहे. ज्या गाण्याबद्दल तू बोलतोयस ते ‘एव्हरीडे पीपल’. फेब्रुवारी १९६९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. त्यात बेस वाजवणारा लॅरी ग्रॅहम हा त्या पिढीतल्या सर्वांत जबरदस्त बेसवादकांपैकी एक. त्याला हवं तर तो तिथे आतषबाजी करू शकला असता. तरी तो अख्खं गाणं एक स्वर ठोकत राहतो. का? कारण वर एवढे आवाज एकमेकांच्या हातातून ओळी घेताहेत, लहान पोरं चिडवताना म्हणतात तशी एक चाल मधेच येते, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकत्र शिरतात, की खाली कुणीतरी हलता कामा नये. त्या गाण्याचं म्हणणंच असं आहे की आपण सगळे वेगवेगळे आहोत आणि तरी एकत्र राहायचं आहे. एक स्वर न सोडणारा बेस हेच म्हणणं शब्दांशिवाय सांगतो. स्लायने कुणाला काय वाजवायला सांगितलं, याहून कुणाला काय वाजवू दिलं नाही, हे ऐकायला लाग. मी बरीच वर्षं बेस वाजवतोय आणि बँडसाठी अरेंजमेंटही करतोय, म्हणजे कुणी काय आणि केव्हा वाजवायचं ते ठरवतो. माझ्या मते स्लायचं खरं वाद्य होतं त्याचा बँड. पुढे तोच बँड त्याने स्वतःच्या हाताने रिकामा केला, आणि त्या रिकामपणातूनही संगीताचा एक नवा रस्ता निघाला.

हे कान त्याला मिळाले कुठून ते बघ. सिल्व्हेस्टर स्टुअर्ट हे त्याचं खरं नाव. जन्म १५ मार्च १९४३, टेक्ससमधल्या डेंटनचा; पण कुटुंब लवकरच कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या व्हॅलेहो गावात गेलं. घर पेंटेकोस्टल पंथाचं. या पंथाच्या चर्चमध्ये ड्रम, गिटार, खंजिरी सगळं चालतं, आणि गाणं एकट्याचं नसतंच: पुढून एक ओळ फेकली जाते, मागून दहा गळे उत्तर देतात. १९५२ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, भावंडांबरोबर ‘स्टुअर्ट फोर’ या नावाने त्याची भक्तिगीतांची तबकडी निघाली. कीबोर्ड, गिटार, बेस, ड्रम ही सगळी वाद्यं त्याने लहानपणीच हाताळली होती. पुढे व्हॅलेहोच्या कॉलेजात डेव्हिड फ्रोलिक नावाच्या शिक्षकांकडे तो संगीतशास्त्र शिकला आणि त्यांचं ऋण आयुष्यभर मानत राहिला. हा भाग लोक गाळतात आणि ‘उपजत प्रतिभा’ म्हणून मोकळे होतात. त्याने स्वरसंगतीचा रीतसर अभ्यास केला होता. दोन कॉर्डचं गाणं तो लिहितो तेव्हा त्याला बाकीच्या कॉर्ड ठाऊक असतात.

त्यानंतरची दोन कामंही महत्त्वाची. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटम रेकॉर्ड्समध्ये तो विशीतच निर्माता झाला. १९६४ मध्ये बॉबी फ्रीमनचं ‘कमॉन अँड स्विम’ त्याच्या हाताखाली तयार झालं आणि तुफान चाललं. ‘बो ब्रमल्स’सारख्या गोऱ्या रॉक बँडची गाणीही त्याने केली. त्याच सुमारास तो केसॉल या रेडिओ केंद्रावर निवेदक होता. ते केंद्र कृष्णवर्णीय श्रोत्यांचं, सोल संगीत वाजवणारं. हा पठ्ठ्या त्यात मधेच बीटल्स लावायचा, बॉब डिलन लावायचा. रेकॉर्डिंगच्या खोलीत बसून आवाज कसा बांधतात ते त्याने शिकलं आणि रेडिओवर बसून लोक कशाला थांबतात ते.

१९६६-६७ मध्ये त्याने ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ उभा केला. भाऊ फ्रेडी गिटारवर, बेसवर लॅरी ग्रॅहम, ड्रमवर ग्रेग एरिको, सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी, ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन, स्लाय स्वतः ऑर्गनवर. थोड्याच दिवसांत बहीण रोझ कीबोर्डवर आली. एरिको आणि मार्टिनी गोरे, बाकीचे कृष्णवर्णीय. दोन स्त्रिया, आणि त्या मागे उभ्या राहून सूर धरणाऱ्या नव्हेत, वाद्यं वाजवणाऱ्या. त्या काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावर बंदी घालणारे राज्यांचे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते जून १९६७ मध्ये. हा बँड त्याच वर्षी पहिला अल्बम काढत होता. म्हणजे ही माणसं रंगमंचावर नुसती एकत्र उभी राहिली, तरी ते एक विधान होतं.

आणि रचना त्या विधानाला शोभेल अशीच होती. त्या वेळचा फंक, म्हणजे लयीवर उभं असलेलं नाचाचं कृष्णवर्णीय संगीत, म्हणजे जेम्स ब्राउन. तिथे नेता एक, बाकीचे शिपाई. चूक झाली तर दंड, आणि पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र कोसळायचं. ते संगीत अफाट आहे, त्याबद्दल वाद नाही. स्लायने मात्र नेतेपण वाटून टाकलं. त्याच्या गाण्यांत मुख्य गायक चार: स्लाय, फ्रेडी, रोझ आणि खोल खर्जाचा ग्रॅहम. एक कडवं चार तोंडांतून येतं. ‘डान्स टु द म्युझिक’ (१९६८) लाव. पहिला अल्बम चालला नव्हता, म्हणून रेकॉर्ड कंपनीने काहीतरी सोपं, नाचता येईल असं मागितलं होतं. त्याने काय केलं? वाद्यांची ओळख करून देणं हाच गाण्याचा विषय केला. आधी ड्रम, मग गिटार, मग फझ (आवाज फाटका करणारं उपकरण) लावून गुरगुरणारा बेस, मग ऑर्गन, मग ट्रम्पेट-सॅक्सोफोन. मधे सगळं थांबवून नुसत्या तोंडी बोलांचा ठेका. अरेंजमेंट शिकणाऱ्याने हे गाणं कागदावर उतरवून काढावं. प्रत्येक वाद्य आत येताना आधीचं वाद्य किंचित जागा करून देतं, ते कानाला लागलं की आपल्या बँडमध्ये सगळे एकाच वेळी का भांडतात हेही कळतं. मोटाऊनसारख्या बड्या रेकॉर्ड कंपनीनेही हे ऐकलं. १९६८ च्या अखेरीस त्यांच्या ‘टेम्प्टेशन्स’ या गायकगटाचा आवाज एकाएकी बदलला, गायक आपसांत ओळी वाटून घेऊ लागले, त्यामागे स्लायच आहे.

आता तुझ्या वाद्याकडे. बेसवर अंगठा आपटून वाजवायची जी ‘स्लॅप’ पद्धत आज शिकणारा प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात करून बघतो, ती रूढ केली लॅरी ग्रॅहमने. तो किशोरवयात आईबरोबर, म्हणजे पियानो वाजवून गाणाऱ्या डेल ग्रॅहम यांच्याबरोबर, हॉटेल-क्लबांत वाजवायचा. आधी तो गिटार वाजवता वाजवता पायाने ऑर्गनचे बेस पेडल सांभाळायचा. ऑर्गन बिघडला म्हणून तात्पुरता बेस हातात घेतला. मग ड्रमवालाही गेला. तेव्हा किक ड्रमची (पायाने वाजणारा मोठा ड्रम) जागा भरायला तो अंगठ्याने जाड तार ठोकू लागला आणि स्नेअरची (कडक आवाजाचा छोटा ड्रम) जागा भरायला बोटाने बारीक तार ओढून सोडू लागला. हे नीट लक्षात ठेव, कारण स्लॅप शिकवणारे बहुतेक जण इथेच चुकतात: ही पद्धत करामत म्हणून आली नाही, ड्रमवाला नव्हता म्हणून आली. स्लॅप वाजवताना मनात ड्रम ऐकू येत नसेल, तर नुसती खडखड होते.

स्लायचं श्रेय हे की ती गोष्ट कुठे आणि किती वापरायची ते त्याने ओळखलं. ‘एव्हरीडे पीपल’मध्ये एक स्वर. आणि डिसेंबर १९६९ च्या ‘थँक यू’मध्ये सगळं गाणंच ग्रॅहमच्या अंगठ्यावर उभं. कॉर्ड तिथेही जवळजवळ एकच आहे. बाकी सगळी लयीची गुंतवण: गिटार जिथे मोकळं सोडते तिथे अंगठा, अंगठा थांबतो तिथे ट्रम्पेट-सॅक्सोफोन. फेब्रुवारी १९७० मध्ये हेही पहिल्या क्रमांकावर गेलं. वीस वर्षांनी जॅनेट जॅक्सनच्या ‘रिदम नेशन’मध्ये त्याच गाण्याचा गिटारचा तुकडा कापून वापरला गेला आणि नव्या पिढीला तो जॅनेटचाच वाटला.

१९६९ हे त्याचं वर्ष. मे महिन्यात ‘स्टँड!’ हा अल्बम आला. त्याच्या शीर्षकगीताबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. गाणं तयार झाल्यावर स्लायने त्याची चाचणी तबकडी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात वाजवून बघितली. लोक थंड. तो परत गेला, बँडमधले बहुतेक जण हाताशी नव्हते म्हणून बाहेरचे वादक घेतले, आणि शेवटाला एक पूर्ण वेगळा, चर्चसारखा उसळणारा भाग जोडला. आज ते गाणं आठवतं ते त्या शेवटच्या मिनिटामुळे. श्रोत्यांचा आदर करणं म्हणजे काय, हे मला यात दिसतं: त्याने लोकांना दोष दिला नाही, काम पुन्हा केलं. जूनच्या अखेरीस हा बँड न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या उघड्या मैदानात हजारो कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर वाजला, आणि ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात. तिथे पहिल्या संध्याकाळी पंडित रविशंकर पावसात वाजवून गेले होते. स्लायचा बँड रंगमंचावर आला तो १७ ऑगस्टच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास. चिखलात झोपलेली, दमलेली लाखोंची गर्दी त्याने ‘आय वाँट टु टेक यू हायर’ म्हणत उठवली. हार्लेमचं चित्रण पुढे जवळपास पन्नास वर्षं पडून राहिलं आणि २०२१ मध्ये ड्रमवादक क्वेस्टलव्हने त्यातून माहितीपट केला. तो मिळाला तर बघ. सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेट घेऊन उभी राहते त्या क्षणी गर्दीतल्या लोकांचे चेहरे बघ.

मग पडझड. ती मी लांबवणार नाही, कारण त्याच्याबद्दल लिहिणारे निम्मे लोक तेवढंच लिहितात. कोकेन आलं, इतर नशा आल्या. गोऱ्या साथीदारांना काढ, असा काही कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांचा दबाव होता. कंपनीला दर काही महिन्यांनी नवं गाणं हवं होतं. १९७० मध्ये ठरलेल्या सुमारे ८० पैकी २६ कार्यक्रमांना तो पोचलाच नाही. ग्रेग एरिको १९७१ मध्ये गेला, ग्रॅहम १९७२ मध्ये.

पण या काळात आलेल्या अल्बमपाशी मात्र थांबावंच लागतं. ‘देअर्ज अ रायट गोइंग ऑन’, नोव्हेंबर १९७१. लोक वाट बघत होते पुढच्या ‘स्टँड!’ची, आणि आला हा काळोखा, गढूळ, पुटपुटणारा अल्बम. स्लायने बराचसा एकट्यानेच बांधला. स्वतः बेस, स्वतः गिटार, स्वतः कीबोर्ड; कधी बिली प्रेस्टन, कधी बॉबी वोमॅक येऊन साथ करून जायचे. एकाच फितीवर पुसून पुन्हा, पुसून पुन्हा असं इतक्या वेळा ध्वनिमुद्रण केलं की फितीवरचा थर झिजला. तो जो घोगरा, धुरकट आवाज आहे तो त्यातून आलाय. आणि ड्रमच्या जागी यंत्र: माइस्ट्रो कंपनीचं ‘रिदम किंग’. घरी ऑर्गन वाजवणाऱ्यांना साथीला ठेका मिळावा म्हणून केलेलं खोकं. बोसा नोव्हा, रॉक असे तयार ठेके बटणावर. कुठल्याही ‘खऱ्या’ वादकाने तेव्हा त्याला हात लावला नसता. स्लायने त्याला एका वाद्याचा मान दिला, त्याच्या टिकटिकीच्या मागे-पुढे स्वतःचा बेस सैल सोडला, काही ठिकाणी वरून खरे ड्रमही चढवले. यंत्र अजिबात हलत नाही आणि माणूस सारखा हलतोय, ही ओढाताण ऐकू येते. ‘फॅमिली अफेअर’ याच पद्धतीने झालं आणि त्याच वर्षअखेरीस पहिल्या क्रमांकावर गेलं. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यात ठेका यंत्राचा, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

इथे एक काम कर. ‘थँक यू’ ऐक आणि लगेच या अल्बमचा शेवटचा ट्रॅक, ‘थँक यू फॉर टॉकिंग टु मी, आफ्रिका’, ऐक. शब्द जवळपास तेच, गाणं तेच. लय मात्र बरीच संथ केलेली, सात मिनिटं ओढलेली, अंगठ्याचा तो उत्साह गेलेला. ज्या गाण्याने आभार मानले होते, तेच आता दमून गेलेल्या माणसासारखं बोलतंय. दोन वर्षांत त्या देशात आणि त्या माणसात काय झालं, ते कुठल्याही लेखापेक्षा हे दोन ट्रॅक स्पष्ट सांगतात. तबकडीवर शीर्षकगीत म्हणून जे नोंदवलंय त्याची लांबी शून्य मिनिटं शून्य सेकंद आहे. दंगली होऊच नयेत असं वाटलं म्हणून, असं स्लायने त्याचं कारण नंतर सांगितलं होतं.

मला विचारशील तर हा त्याचा सर्वांत मोठा अल्बम. आनंदी गाणी मला कमी आवडतात असं नाही. पण ‘सगळे मिळून’ हे सांगणारा माणूस एकटा पडल्यावर खोटं गायला नाही, त्याने एकटेपणाचाही ठेका शोधला, याची किंमत मला फार वाटते. खोलीत एकटा बसून यंत्रावर ठेका लावून त्यावर स्वतःच सगळं वाजवणारा कलाकार आज आपल्याला सर्वसामान्य वाटतो. प्रिन्स त्या रस्त्याने गेला, डीअँजेलो गेला, आणि आज पुण्यात-ठाण्यात लॅपटॉपवर ट्रॅक बांधणारी पोरंही त्याच रस्त्यावर आहेत, त्यांना स्लायचं नाव माहीत असो वा नसो. जॅझमध्येही लाट पोचली: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस त्या वर्षांत स्लाय लक्ष देऊन ऐकत होता, आणि पियानोवादक हर्बी हॅनकॉकने १९७३ च्या ‘हेड हंटर्स’मध्ये एका रचनेला नावच ‘स्लाय’ दिलं. हिप-हॉपवाल्यांनी ‘सिंग अ सिंपल साँग’चा ड्रम किती ठिकाणी कापून लावलाय याचा हिशोब लागणार नाही.

१९७४ मध्ये त्याने मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या रंगमंचावर हजारो लोकांसमोर लग्न केलं. पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्कमधले त्याचे कार्यक्रम जवळजवळ रिकामे गेले आणि बँड संपला. ऐंशीच्या दशकात गाण्यांचे प्रकाशन हक्क मायकेल जॅक्सनकडे गेले. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला. २००६ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर सोनेरी तुरा काढलेल्या केसांनी तो आला आणि गाणं संपायच्या आतच निघून गेला. मधल्या काळात गाडीत राहण्याचीही वेळ आली. शेवटी नशा सुटली, २०२३ मध्ये आत्मचरित्र आलं, आणि ९ जून २०२५ ला फुफ्फुसाच्या जुन्या आजाराने, ८२ व्या वर्षी, तो गेला. या सगळ्यावर हळहळ वाटते, वाटावीच. पण ‘वाया गेलेली प्रतिभा’ हे शब्द कुणी वापरले की मला राग येतो. १९६७ ते १९७३ या सहा वर्षांत त्याने जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या साठ वर्षांत झालं नसतं. त्यात वाया गेलेलं काही नाही.

ऐकण्याचा क्रम सांगतो. सुरुवात ‘स्टँड!’ने कर, पूर्ण अल्बम, मधे न थांबता. त्याच वेळी ‘एव्हरीडे पीपल’बरोबर तो एक स्वर शेवटपर्यंत वाजव आणि स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐक. सव्वादोन मिनिटांचं गाणं आहे, पण स्वराची लांबी दर वेळी सारखी ठेवणं किती अवघड आहे ते पहिल्याच दिवशी कळेल. मग ‘रायट’, तोही हेडफोनवर, कारण बेस तिथे पुढे आहे आणि चिखलात बुडालेलाही आहे. दोन-तीनदा ऐकूनही आवडला नाही तर बाजूला ठेव, जबरदस्ती करू नकोस.

तिसरा ‘फ्रेश’, १९७३ चा. ग्रॅहमच्या जागी रस्टी ॲलन आला होता आणि ड्रमवर अँडी न्यूमार्क. त्याला म्हणे स्लायने पलंगावर पडल्या पडल्याच ऐकलं आणि ठेवून घेतलं. ‘इफ यू वाँट मी टु स्टे’चा बेस सबंध गाणंभर उतरत-चढत राहतो, एका स्वराच्या अगदी उलट टोकाला. तो बसवायला घे, पण आधी त्याच अल्बमचं पहिलं गाणं, ‘इन टाइम’, चार-पाच दिवस फक्त ऐक. यंत्राचा ठेका आणि न्यूमार्कचा ड्रम एकमेकांना चुकवत चालतात, सम नेमकी कुठे आहे ते पहिल्यांदा सापडतच नाही. माइल्स डेव्हिसने आपल्या बँडला बसवून हेच गाणं अर्धा तास पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं असं सांगतात. पाय थिरकवत मोजू नकोस, टाळीवर मोज: एक, दोन, तीन, चार. हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांकडे) दुर्लक्ष कर आणि स्नेअर धर. स्नेअर सापडला की मग बेस हातात घे.